ठोक्यांची वही

मंगळवार, ३

नर्सताईनं विचारलं, लिहायला जमतं ना? मी म्हटलं, सातवीपर्यंत शिकलेय. मग म्हणाली, बाळाचं सगळं वेळेसकट लिहून ठेव. कधी प्यायली, कधी झोपली, कधी खोकली. दोन महिन्यांत ठमीचं वजन वाढलेलंच नाही. आठ महिन्यांची पोर, छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुरते.

"घरात ओल आहे का कुठे?" असं तिनं दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. आम्ही राहतो त्या दोन खोल्यांत नाहीच आहे. तिसरी बंद असते.

सहाला प्यायली. साडेसातला झोपली. नऊला खोकली. दहाला प्यायली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, ती वजा करून लिहितेय.

गुरुवार, ५

सातला प्यायली. साडेनऊला थोडी. अकराला झोपली.

अकरा चाळीस. ठोके.

लिहू का नको करत पेन धरून बसले होते. दुधाच्या वेळा नर्सताईला वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी.

तीन ठोके. मग थांबले. मग परत तीन. बंद खोलीतून. सासूबाई तशाच बोलवायच्या. कंबर मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या. स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायच्या. तोंडानं हाक कधीच नाही. म्हणायच्या, "ओरडायला मी काय रस्त्यावर भाजी विकतेय?" तीन ठोके म्हणजे ये. पाणी दे, कूस बदल, खिडकी लाव, खिडकी उघड. दिवसातून वीस वेळा.

त्यांना जाऊन सहा महिने झाले. तेव्हापासून अधूनमधून वाजतं, लिहिलं मात्र आज पहिल्यांदा.

शुक्रवार, ६

बारा पंचवीस. ठोके. मी ठमीला घेऊन पायरीवर जाऊन बसले. ठमी तिकडेच मान वळवून बघत होती. म्हणजे तिलाही ऐकू येतं का? लहान मुलांना दिसतं म्हणतात.

ह्यांना सांगितलं नाही. खोलीची किल्ली ह्यांच्या जुडग्यात असते. आईला नेलं त्या दिवशी ह्यांनी कुलूप लावलं ते लावलंच. मी कधी मागितली नाही. मला नकोच आहे.

जेवताना हे त्या नव्या कायद्यावरून चिडलेले. हवा तापतेय, समुद्र वर येतोय, म्हणून राज्यानं कायदा केलाय. धुराड्यांचा धूर कमी करायचा आणि प्रत्येक गावानं पुढचा आराखडा बनवायचा. हे वीजघरात बॉयलरवर आहेत. म्हणाले, "बारा वर्षं कोळसा ओढला. आता सांगतात तुझ्या कोळशानं समुद्र वर आला. मी काय बादलीनं ओतला?" मला हसू आलं. हे हसले नाहीत.

शनिवार, ७

एक वाजून दहा.

शेजारच्या शिंपीणकाकूंना नुसतं विचारलं, गेलेलं माणूस परत येतं का हो? मशीन थांबवून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "काल अमावास्या होती, पोरी. ह्या दोन-चार दिवसांत येणारच. तुझ्या सासूला पण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच नेलं, आठवतं ना?"

आठवतं.

"काही राहिलं असेल त्यांचं घेणं," असं म्हणून काकू परत मशीन मारायला लागल्या.

रविवार, ८

दोन वाजता. बारीक, लांबून आल्यासारखे. हे घरी नव्हते, वीजघरातल्यांची सभा होती.

चार दिवस झाले, रोज पाऊण तास उशिरा येतात. जिवंतपणी घड्याळाच्या काट्यावर चालायच्या. दोन मिनिटं चहा उशिरा झाला तर पेला आपटायच्या.

शनिवार, १४

पाच-सहा दिवस काही नाही. मला वाटलं, या वेळी कायमच्या गेल्या.

ठमीला दाखवायला नेलं. वजन तेवढंच. नर्सताईनं कागद बघितला आणि शाबास म्हणाली. एवढ्या नीट वेळा कुणी लिहीत नाही म्हणे. मग परत तेच. "घरात ओल नाही ना? नक्की?"

दवाखान्याच्या भिंतीला गावाचा नकाशा लावलाय. त्या कायद्यातलाच. समुद्राकडून एक लाल रेघ आत आलीय. रेघेच्या आतली घरं सरकार आधी हलवणार, उंचावर नवी देणार, नाहीतर भिंत बांधणार. बाहेरच्यांचं वीस वर्षं काही नाही. आमची जुन्या गोदीमागची गल्ली शोधली. रेघ आमच्या कोपऱ्यावर येते आणि वळते. काकूंचं घर बाहेर, आमचं बाहेर.

मला बरंच वाटलं. म्हणजे इथे पाणी येणार नाही, असंच ना?

सोमवार, १६

सरकारकडून त्या नकाशावाल्या बाई आल्या. पाठीला पिशवी, बूट चिखलानं भरलेले, वय माझ्याहून थोडं जास्त. दारोदार विचारत फिरतायत, पाणी येतं का, मोरीतून उलटं चढतं का, भिंतीला पांढरं धरतं का. मी सगळ्याला नाही म्हटलं. सुटी असल्यामुळे हे घरी होते, म्हणून लवकर जावं असंही वाटत होतं.

"त्या खोलीत काय आहे?"

"सामान."

हे आतूनच म्हणाले, "बाई, तुमच्या कायद्यानं माझं पोट जाणार आहे. निदान घर तरी सोडा."

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, ही गल्ली रेघेच्या आत यायला हवी असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला किंमत नाही. कायद्यात लिहिलंय, राहणाऱ्यांची लेखी नोंद पाहिजे. तारीख, वेळ, त्या त्या दिवशी लिहिलेली. तुमच्या गल्लीत एकाकडेही नाही. सत्तावीसला सुनावणी, मग रेघ पक्की."

त्या गेल्यावर ह्यांनी मला बजावलं. वीजघरातले सगळे सुनावणीत ओरडायला जाणार आहेत. आपल्या घरातलं कुणी पलीकडच्या बाजूनं बोललं तर ह्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी म्हटलं, मी कशाला बोलतेय?

गुरुवार, १९

साडेअकरा. ठोके. आल्या परत.

ठमी झोपलीय. आज लिहूनच टाकते. तोंडानं तर कुणाला सांगता येणार नाही.

त्या दिवशी मी झोपले नव्हते. ह्यांना, काकूंना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी सांगितलं की डोळा लागला होता, काही ऐकलं नाही. खोटं आहे. ठमी दोन महिन्यांची होती. रात्रभर रडून नुकती माझ्या अंगावर झोपली होती. साडेबाराला तीन ठोके आले. मी म्हटलं, येते. हलले नाही. परत तीन. परत तीन. मी मनात म्हटलं, सुटू दे एकदाची ही कटकट. हेच शब्द. उशी कानावर घेतली. पाऊण वाजून गेला तरी चालूच होतं. मग थांबलं. मला बरं वाटलं.

बरं वाटलं, असंच लिहितेय, खोडत नाही.

दीडला गेले. त्या खाली पडलेल्या, फरशीवर, पाण्यात. सगळी फरशी ओली. लोकांनी विचारलं तर मी म्हटलं, पेला सांडला असेल, पाणी घ्यायला वाकल्या आणि पडल्या. पेला सांडलेला नव्हता. स्टुलावर होता, काठोकाठ भरलेला. सकाळी मीच भरून ठेवला होता. माणसं जमायच्या आत मी तो मोरीत ओतला. कुणी भरलेला पेला बघितला असता तर विचारलं असतं, मग हे पाणी कुठलं? मग तू कुठे होतीस?

म्हणून त्या येतात. माझं चुकलं ते मी भरीन. पण त्या ठमीच्या छातीवर का बसतात?

शुक्रवार, २०

आजचं नीट लिहिते.

बारा वाजता नकाशावाल्या बाई आल्या, सुनावणीचा कागद द्यायला. ऊन होतं, पाणी मागितलं. मी आत बोलावलं. हे कामावर. त्या पाणी पीत होत्या आणि बारा पंधराला ठोके आले.

बाईंनी पेला खाली ठेवला. "काय वाजतंय?"

मी भिंतीला टेकले. "तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? एवढं मोठ्यानं वाजतंय की."

सहा महिने मी एकटीच ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. बाई घाबरल्या, मला खाली बसवलं. मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "रोज येतात?"

"रोज नाही. अमावास्येला येतात. आता काल आल्या, आज आल्या."

"उद्या पौर्णिमा आहे," असं म्हणताना त्यांचा आवाजच बदलला. "कधी कधी येतात, आठवतं?"

मी म्हटलं, लिहिलंय. वही छातीशी धरून वेळा वाचून दाखवल्या. पाच तारीख, अकरा चाळीस. सहा, बारा पंचवीस. बाईंनी पिशवीतून एक छापील पत्रक काढलं आणि त्यावर बोट ठेवत गेल्या. माझं वाचून व्हायच्या आत त्याच पुढची वेळ सांगायला लागल्या.

"सात तारीख, एकच्या पुढे?"

"एक दहा. तुम्हाला कसं कळलं?"

"हे भरतीचं पत्रक आहे. समुद्र रोज पाऊण तास उशिरा चढतो. अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यात उंच. रात्री पण वाजत असेल."

"रात्री मी कानात कापूस घालते. हे दमून येतात, मेल्यासारखे झोपतात."

त्यांनी माझा हात धरला. "ताई, तुमच्या सासूबाई नाहीत ह्या. खोलीखाली पाणी आहे. सहा महिने तरी आहे."

मग त्यांना वही पाहिजे होती. गल्लीतल्या चाळीस घरांसाठी एवढी एकच नोंद आहे म्हणाल्या. मी म्हटलं, वेळा उतरवून घ्या. तर म्हणाल्या, उतरवलेलं चालत नाही, मूळ वही लागते, आणि पान फाडलेलं असेल तर सगळीच बाद करतात.

पान फाडलेलं चालत नाही. आणि एकोणीस तारखेचं पान मधोमध.

मी वही दिली नाही.

सोमवार, २३

ठमीला धाप लागतेय. दवाखान्यात दोन तास बसवून वाफ दिली. नर्सताईनं या वेळी विचारलं नाही, सांगितलंच. "ज्या घरात राहता तिथे बुरशी आहे. पोरीला तिथून हलवा." हलवा म्हणे. कुठे?

घरी येऊन पहिल्यांदा बंद दारापाशी खाली वाकले. दाराखालच्या फटीला पांढरं पांढरं साचलंय. बोट लावून चाटलं. खारट.

मला वाटायचं ती त्यांच्या अंगाला लावायची पावडर.

बुधवार, २५

वही जाळली तर चाळीस घरं. वही दिली तर हे. परवा सुनावणीत साहेब वाचणार, वीजघरातले सगळे ऐकणार, आणि ह्यांना तिथे कळणार की आपल्या आईला बायकोनं मरू दिलं. तसं नको. कळायचं तर घरात कळू दे.

आज संध्याकाळी हे हात धुऊन बसले की वही समोर ठेवणार. हे लिहून झालं की ठेवणारच. नर्सताईनं ठमीला आजची रात्र दवाखान्यात ठेवायला सांगितलंय, मी तिच्याजवळच असेन. म्हणजे ह्यांना माझं तोंड बघावं लागणार नाही.

गुरुवार, २६

सकाळी ठमीला घेऊन परत आले. घराचं दार सताड उघडं. आतलं, बंद खोलीचंही उघडं.

हे फरशीवर बसले होते. पलंग बाजूला ओढलेला. पलंगाखाली एक लोखंडी झाकण आहे, जुन्या गटाराचं, परातीएवढं. मला माहीतच नव्हतं. कडेनं गंज, पांढरं मीठ, भिंतीवर काळी बुरशी पार कमरेपर्यंत चढलेली. असा वास आला की मी ठमीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं.

मी उंबऱ्यावरच थांबले. वही ह्यांच्या मांडीवर होती. मला वाटलं आता उठतील, मारतील नाहीतर घराबाहेर काढतील. दोन्हीला मी तयार होते.

हे म्हणाले, "पेला भरलेला होता?"

"हो."

"काठोकाठ? नक्की?"

"अहो, मीच ओतला."

ह्यांनी झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मग ती ठोकत कशानं होती?"

मला काही कळेना.

"अगं, आई पेल्यानं ठोकायची. पेला भरून स्टुलावर. पाव तास ठोके कशाचे?" ह्यांनी झाकण दोन बोटांनी उचलून सोडलं. टण्ण. तोच आवाज. खालून चढणारं पाणी झाकण असंच उचलून आपटत होतं. माझ्या हातातून ठमी निसटली असती.

मग हे रडायला लागले. ह्यांना रडताना मी आईला नेलं तेव्हाही बघितलं नव्हतं. म्हणाले, आई महिनाभर सांगत होती, पलंगाखाली कोणीतरी ठोकतंय, एकदा बघ. मी म्हणायचो, तुझे कान वाजतात, रविवारी बघू. चार रविवार गेले. पाणी वर आलेलं बघून ती घाबरली असणार, उतरायला गेली असणार.

मी खाली बसले. आम्ही दोघं त्या झाकणाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि ठमी मधे घुरघुरत होती. पण माझ्या मनातलं ते वाक्य तर मी म्हटलंच होतं ना. ठोके कुणाचेही असोत.

मग ह्यांनी वही माझ्या हातात दिली. "उद्या घेऊन जा. पान फाडू नको."

शुक्रवार, २७

ही नवी वही. जुनी सरकारजमा झाली, पावती दिली.

सभागृह गच्च. एका बाजूला वीजघरातले, फलक घेऊन, चूल विझवू नका म्हणून ओरडत होते. दुसऱ्या बाजूला आमची गल्ली, म्हणजे मी, काकू आणि चार म्हातारे. हे मागे दाराशी उभे होते, ना इकडे ना तिकडे.

साहेबांनी वही चाळली, चष्मा वर केला. "बाई, ही नोंद भुताची आहे का पाण्याची?"

सगळे हसले. काकूही हसल्या, मी बघितलं.

मी म्हटलं, "साहेब, ते मला काय माहीत? वाजलं तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं."

"कुठलंही एक पान वाचा."

वही त्यांनी तशीच उघडून पुढे केली. एकोणीस तारीख. नकाशावाल्या बाई पटकन म्हणाल्या, साहेब, दुसरं पान घेऊ. मी नको म्हटलं, हेच वाचते. साडेअकरापासून वाचायला लागले. पहिल्या ओळींना हसणं चालू होतं. उशी कानावर घेतली इथपर्यंत आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. पुढची ओळ मला वाचवेना. तेव्हा मागून हे चालत आले, सगळ्या वीजघरातल्यांच्या मधून, आणि माझ्या हातातून वही घेऊन त्यांनी पुढचं वाचलं. शेवटपर्यंत. मग म्हणाले, "माझी आई. खोली मी दाखवतो, कधीही या."

एकजण ओरडला, "अरे, तू आमच्या बाजूचा ना?"

हे म्हणाले, "आहेच की. नोकरीसाठी तुमच्याबरोबर ओरडतो. घर बुडतंय त्याचं काय करू?"

गल्ली रेघेच्या आत घेतली. ठमीसारखं लहान मूल असलेली घरं आधी, उंचावरच्या वसाहतीत, दोन महिन्यांत. ह्यांचा बॉयलर तीन वर्षांत बंद. दोन्ही त्याच कायद्यात, एकाच कागदावर, वर-खाली लिहिलेलं.

घरी येताना ठमीला ह्यांनी खांद्यावर घेतलं होतं.

शुक्रवार, ४

सातला प्यायली. साडेनऊला प्यायली, सगळं. दहाला झोपली. आम्ही पुढच्या खोलीत निजतो आता, खिडकी उघडी ठेवून. खोकला कमी आहे.

परवा नकाशावाल्या बाई माणसं घेऊन आल्या. गंजलेलं झाकण काढून घेऊन गेल्या. पलंगही ह्यांनी भंगारात दिला. आता तिथे नुसतं भोक आहे, त्यात एक आकड्यांची पट्टी उभी केलीय. भरतीच्या दिवशी पाणी कुठल्या आकड्यापर्यंत चढतं ते मी लिहायचं, घर सोडेपर्यंत. बाईंनी पत्रक देऊन ठेवलंय. आज बाराला भरती आहे.

हे कामावर गेलेत. मी ठमीजवळ बसून घड्याळाकडे बघत होते.

बाराला पाच कमी. तीन ठोके.

झाकण नाही. पलंग नाही. खोलीत वाजण्यासारखं काहीच ठेवलेलं नाही.

या वेळी दुसऱ्यांदा वाजायची वाट बघितली नाही. ठमीला पाळण्यात ठेवलं, उठले. "आले हो, आई," असं मोठ्यानं म्हटलं आणि आत गेले.

खोली रिकामी. पाणी पट्टीवर सातच्या आकड्याला होतं, अजून चढत होतं. मी तिथेच उभी राहिले, ते उतरायला लागेपर्यंत.

बारा वाजून दहा. आकडा नऊ.